तावदानावरील मुखाकृती : दोन कॅरल्टन गावांचा इतिहास आणि त्यांच्या कथा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकात जे कथावाङ्मय निर्माण झाले, त्याच्या एका प्रवाहाला ‘सदर्न गॉथिक’ असे नाव पडले आहे. एलन ग्लासगो या कादंबरीलेखिकेने १९३५ साली ही संज्ञा योजिली ती गौरवासाठी नव्हे. समकालीन लेखकांच्या भडक आणि विकृत चित्रणाविषयीची नापसंती तीतून व्यक्त झाली होती. पुढे निंदेचे हे नावच वर्गनाम होऊन बसले. पडके वाडे, कायमच्या बंद खोल्या, ओसरलेली घराणी आणि सगळ्या गावाला ठाऊक असूनही कोणी न उच्चारलेले एखादे गुपित ही या वाङ्मयाची ठरीव सामग्री होय. विल्यम फॉकनर यांच्या १९३० सालच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथेत निवेदक कोणी एक व्यक्ती नसून गाव आहे, आणि ते ‘आम्ही’ या सर्वनामाने बोलते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ड्राय सप्टेंबर’ या कथेत त्याच कल्पित गावातील जमाव एका कृष्णवर्णीय माणसाला मोटारीत घालून नेतो. परंतु प्रत्यक्ष हत्या कथेत येतच नाही. गाव बोलते तेथे ‘आम्ही’ असते आणि गाव कृती करते तेथे वाक्यच गळते, ही गोष्ट सामान्यतः फॉकनर यांच्या कलाकौशल्याच्या खाती जमा केली जाते. ते कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे तंत्र त्यांनी शून्यातून निर्मिले नव्हते. दक्षिणेतील लहान गावांच्या मौखिक भूतकथांत आणि तेथील छापील बातम्यांत ते आधीपासून रुळलेले होते. कॅरल्टन या एकाच नावाच्या दोन गावांच्या उदाहरणावरून हे पाहता येते.

यांपैकी पहिले गाव अलाबामा राज्यात, पिकन्स जिल्ह्यात आहे. वस्ती हजाराच्या घरात. परंतु जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे गावाच्या मध्यभागी न्यायालयाची इमारत आहे. तिच्या पोटमाळ्याच्या खिडकीतील एका तावदानावर माणसाच्या चेहऱ्यासारखा डाग दिसतो. तो पाहण्यासाठी दुरून लोक येतात आणि त्यांची चुकामूक होऊ नये म्हणून बाहेरच्या भिंतीवर त्या तावदानाकडे रोखलेला एक बाणही बसविण्यात आला.

कथा सांगतात ती अशी. न्यायालयाची आधीची इमारत १८७६ साली जळाली. हेन्री वेल्स या दास्यमुक्त कृष्णवर्णीय माणसावर आळ आला. १८७८ साली त्याला पकडून नव्या इमारतीच्या पोटमाळ्यावर कोंडण्यात आले. खाली चौकात जमाव गोळा झाला. वेल्सने खिडकीशी येऊन ओरडून सांगितले की आपण निरपराध आहोत, आणि आपला जीव घेतलात तर मेल्यावरही तुमची पाठ सोडणार नाही. त्याच क्षणी वीज कोसळली आणि त्याचा भयग्रस्त चेहरा काचेत कायमचा उमटला. जमावाने त्याला ठार केले. चेहरा मात्र राहिला. पुढे साबणाने घासले, पेट्रोल लावले, तरी तो गेला नाही. गारपिटीत इतर काचा फुटल्या, ही तेवढी वाचली. आतून पाहिल्यास काच स्वच्छ दिसते. चेहरा दिसतो तो बाहेरूनच. हे शेवटचे तपशील जगातील अनेक ‘अमिट डागां’च्या कथांत सापडतात आणि त्यांचा येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

आता कागदपत्रे काय सांगतात ते पाहू. कॅरल्टनचे पहिले न्यायालय यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ च्या एप्रिलमध्ये, जनरल क्रॉक्स्टन यांच्या संघराज्यीय सैन्याने जाळले. दुसरी इमारत १६ नोव्हेंबर १८७६ रोजी आगीत नष्ट झाली. अध्यक्षपदाची वादग्रस्त निवडणूक होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस लोटले होते. या दोन घटनांचा संबंध जोडण्यास पुरावा नाही. तथापि त्या आठवड्यांत दक्षिणेतील वातावरण किती तापलेले होते हे विसरता कामा नये. तिसरी, म्हणजे आजची, इमारत १८७७-७८ मध्ये उभी राहिली. त्या काळी कॅरल्टनमध्ये ‘वेस्ट अलाबामियन’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. त्यातील वृत्तान्तानुसार बिल बर्कहॉल्टर नावाच्या इसमाला आधी पकडण्यात आले व त्याने वेल्सचे नाव घेतले. १८७८ च्या जानेवारीअखेर वेल्सला पकडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तो पळू लागला, त्याला गोळ्या लागल्या, त्याने आग लावल्याची कबुली दिली आणि जखमांमुळे काही दिवसांनी तो मरण पावला. जमाव नाही, पोटमाळा नाही, वीजही नाही. इतकेच नव्हे, तर न्यायदालनाच्या खिडक्या बसविण्याचे काम वेल्सच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारीत, चालू होते. जी काच अद्याप बसलीच नव्हती तिच्यावर चेहरा उमटणार कसा?

मग कथेतील जमाव आला कोठून? तोही त्याच वृत्तपत्रात आहे. सप्टेंबर १८७७ मध्ये नॅथॅनिएल पीअर्स हा खुनाचा आरोपी कॅरल्टनच्या तुरुंगात असताना सशस्त्र जमाव आत घुसला, त्याला गावाबाहेर घेऊन गेला आणि त्याने त्याला ठार केले. अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना पुढे एकमेकींत मिसळल्या. वेल्सचे नाव व आगीचा आरोप एकीकडून आला, तुरुंगाबाहेरचा जमाव दुसरीकडून आला. प्रचलित कथेत पीअर्सचे नाव येत नाही. त्याचा मृत्यू तेवढा उसना घेऊन वेल्सला देण्यात आला आहे.

येथवर आल्यावर चिकित्सकाचे काम संपले असे पुष्कळांना वाटते. कथा खोटी, कागद खरा, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. हा निकाल फार घाईचा आहे. ज्या वृत्तपत्राच्या आधारे कथा खोडली जाते, त्याचे चालक आणि वाचक कोण होते? दोन गोळ्यांनी घायाळ होऊन मरणाच्या दारी पडलेल्या माणसाची कबुली कोणी घेतली, कोणासमोर घेतली आणि ती शब्दांत कोणी मांडली? वृत्तान्तात वेल्स बोलतो तो गुन्हा कबूल करण्यापुरता. कथेत तो बोलतो तो निरपराधत्व सांगण्यासाठी. ही दोन्ही त्याची स्वतःची वाक्ये आहेत असे मानण्यास आधार नाही, कारण दोन्ही ठिकाणी त्याच्या तोंडी शब्द घातले ते इतरांनी. परंतु घटनेच्या बाबतीत अविश्वसनीय असलेली कथा एका गोष्टीत वृत्तपत्रापेक्षा प्रांजळ आहे. गावात जमाव जमला होता, त्याने कायदा हाती घेऊन माणूस मारला आणि त्यावर न्याय झाला नाही, एवढे ती मान्य करते. विशिष्ट मृत्यूविषयी ती चुकते. गावाच्या वर्तनाविषयी चुकत नाही.

या वर्तनाची काळचौकट थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८६५ नंतर दास्यमुक्तांना नागरिकत्व व मताधिकार मिळाले आणि दक्षिणेत ‘पुनर्रचने’चे पर्व सुरू झाले. १८७७ साली ते संपले व संघराज्याचे संरक्षण निघून गेले. पीअर्सची हत्या नेमकी त्याच वर्षाची आहे. मराठी वाचकाला या कालखंडाचा एक धागा परिचित आहे. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेतील आशा सच्ची होती. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स गावी, न्यायालयाच्याच इमारतीभोवती, कृष्णवर्णीयांचे मोठे हत्याकांड झाले होते. त्या जागी १९५० च्या सुमारास जो अधिकृत फलक उभारण्यात आला त्यावर या घटनेला ‘दंगल’ म्हटले होते. तो २०२१ साली काढण्यात आला. दंगल म्हटले की दोन पक्ष आले आणि दोष वाटला गेला. शब्दाच्या निवडीने केवढे काम होते याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसऱ्या कॅरल्टनविषयीही ‘दंगल’ हाच शब्द वृत्तपत्रांनी वापरला. हे गाव शेजारच्या मिसिसिपी राज्यात, कॅरल जिल्ह्यात आहे. दोन्ही गावांच्या नावांचे मूळ एकच: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ‘कॅरल्टनचा’ अशी ओळख लावून सही करणारे मेरीलँडचे चार्ल्स कॅरल. सर्व माणसे समान निर्मिली आहेत असे म्हणणाऱ्या जाहीरनाम्यावर सही करणारे हे गृहस्थ स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

१८८६ च्या प्रारंभी या गावात ब्राउन आडनावाचे दोन भाऊ काकवी पोहोचवीत असताना ती एका गोऱ्या माणसाच्या अंगावर सांडली. क्षुल्लक वाद. परंतु तो वाढत जाऊन गोळीबारापर्यंत गेला, आणि मग ब्राउन बंधूंनी एक गोष्ट केली जी त्या समाजात अक्षम्य होती. आपल्यावर प्राणघातक हल्ला केल्याबद्दल त्यांनी एका गोऱ्या वकिलाविरुद्ध न्यायालयात फिर्याद केली. १७ मार्च १८८६ रोजी प्रकरण चालू असताना घोडेस्वारांचा मोठा सशस्त्र जमाव गावात आला, न्यायदालनात शिरला आणि त्याने तेथे जमलेल्या कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. वीसाहून अधिक माणसे मेली. गोऱ्यांपैकी कोणालाही इजा झाली नाही आणि कोणावरही खटला झाला नाही. न्यायदालनाच्या भिंतींत गोळ्यांची छिद्रे राहिली. एक शतकाहून अधिक काळ त्याच दालनात, त्याच भिंतींमध्ये, न्यायाचे काम चालले. १९९० च्या दशकातील डागडुजीत ती छिद्रे बुजविण्यात आली.

दोन गावांतील हा भेद विचार करण्याजोगा आहे. एका ठिकाणी काचेवरील डाग, जो बहुधा काचेच्या घडणीतील दोषापलीकडे काही नाही, जपला गेला आणि त्याच्याकडे बाण दाखविण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी ज्यांच्या खरेपणाविषयी शंका नव्हती अशी छिद्रे गिलाव्याखाली गेली. डाग सुसह्य का आणि छिद्र असह्य का? एक उत्तर असे संभवते की डागाचा कर्ता वीज आहे. कथेच्या मध्यभागी निसर्गाचा चमत्कार येऊन बसला की जमावातील माणसे काठावर सरकतात. त्यांना नावे नसतात, चेहरे नसतात. चेहरा असतो तो मेलेल्याचा. भिंतीतील छिद्राला असा पर्यायी कर्ता मिळत नाही. त्यामागे बंदूक येते, बंदुकीमागे हात येतो, आणि लहान गावात त्या हाताचे आडनाव अजून कोणाच्या तरी दारावर असते.

कर्त्याच्या या लोपाचे व्याकरण त्या काळच्या सरकारी भाषेतही सापडते. जमावाच्या हातून कोणी मारला गेला की मरणोत्तर चौकशी करणारे पंच एक ठरावीक वाक्य लिहीत: मृत्यू अज्ञात इसमांच्या हस्ते झाला. फिलिप ड्रे यांनी २००२ साली या हत्यांचा इतिहास लिहिला तेव्हा याच सूत्रावरून ग्रंथाला नाव दिले. ही हत्याकांडे पुष्कळदा दिवसाढवळ्या, शेकडो लोकांदेखत होत असत. म्हणजे ‘अज्ञात’ याचा अर्थ ‘माहीत नसलेले’ असा नसून ‘ज्यांचे नाव घ्यावयाचे नाही ते’ असा होता. मराठीत कर्मणी प्रयोगात कर्ता गाळण्याची सोय आहेच. ‘त्याला मारण्यात आले’ या वाक्यात काही उणे आहे असे कोणालाही जाणवत नाही. इंग्रजी सूत्राचे वैशिष्ट्य असे की त्यात कर्त्याची जागा रिकामी न ठेवता ती एका पोकळ शब्दाने भरून टाकलेली आहे. पुढे चौकशी करावयास फटच राहत नाही.

भूतकथेची भाषाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भुताने ‘पछाडणे’ या अर्थी इंग्रजीत जे क्रियापद वापरतात ते फ्रेंचमधून आले असून त्याचा मूळ अर्थ ‘एखाद्या ठिकाणी वारंवार जाणे’ असा आहे. दक्षिणेच्या बोलीत त्याच धातूपासून ‘हेंट’, म्हणजे भूत, हे नाम झाले. त्यामुळे इंग्रजी भूत मुख्यतः वास्तूचे असते. मराठीत भूत ‘लागते’, ‘झपाटते’, अंगात येते. ते प्रथम माणसाला धरते आणि मग देवऋषी त्याला ‘तू कोण, काय हवे’ असे विचारतो. निदान कल्पनेत तरी मृताला उत्तर देण्याची संधी मिळते. कॅरल्टनच्या भुताला असा प्रश्न विचारण्याची रीत नाही. ते कोणाच्या अंगात येत नाही, काही मागत नाही. वेल्सने दिलेला पाठलागाचा शापसुद्धा कथा पुढे नेत नाही. तो काचेत स्थिर झाला की त्याचे बोलणे संपते आणि पाहणाऱ्यांचे काम सुरू होते.

ही कथा गावाबाहेर पसरण्यास छापील पुस्तकांचा हातभार लागला. कॅथरिन टकर विंडम आणि मार्गारेट गिलिस फिग यांच्या १९६९ सालच्या अलाबामातील तेरा भुतांवरील संग्रहात ती आहे, आणि हा संग्रह मुलांच्या आवडीचा ठरला. अ‍ॅलन ब्राउन यांनी १९९६ साली राज्यातील भूतकथांचे संकलन प्रसिद्ध केले तेव्हा ग्रंथनामातच या तावदानाला स्थान दिले. १९९४ साली इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत झाली. इतिहासकार टाया माइल्स यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात दक्षिणेतील ‘भूत-सहलीं’चा अभ्यास केला आहे. जुन्या हवेल्यांत दाखविल्या जाणाऱ्या गुलाम स्त्रियांच्या भुतांमागे कागदोपत्री आधार मिळत नाही, आणि अशा कथांतून गुलामगिरीतील अत्याचार करमणुकीच्या आवाक्यात आणले जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कॅरल्टनला ते बऱ्याच अंशी लागू पडते. पण सर्वांशी नव्हे. हवेलीतील भूत बहुधा कल्पित असते. हेन्री वेल्स हा होऊन गेलेला माणूस आहे. येथे कल्पिताने वास्तवाची जागा घेतलेली नाही; एका वास्तवाने दुसरे झाकले आहे.

काय झाकले गेले ते पाहण्यासाठी याच गावाच्या १८९३ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कॅरल्टन, अलाबामा येथे पॉल हिल, पॉल आर्चर, विल्यम आर्चर आणि एमा फेअर या चौघांना मारण्यात आले. आरोप पुन्हा आग लावल्याचा. ही नावे उरली याचे मोठे श्रेय आयडा बी. वेल्स यांच्याकडे जाते. १८६२ साली मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मलेल्या या पत्रकर्तीने १८९५ साली ‘द रेड रेकॉर्ड’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. (हेन्री वेल्सशी त्यांचे आडनाव जुळते, तो योगायोग समजावा.) त्यांची पद्धत अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अतिशयोक्तीचा आरोप येणार हे जाणून त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्राने, ‘शिकागो ट्रिब्यून’ने, जमविलेली माहिती घेतली आणि तारीख, नाव, गाव व आरोप अशा क्रमाने ती मांडली. त्या याद्यांत विशेषणे जवळजवळ नाहीत. जे कागद मृतांना अपराधी ठरवीत होते त्यांच्याचकडून त्यांनी मृतांची नावे वसूल करून घेतली.

या चौघांची कथा तावदानाच्या कथेसारखी पसरली नाही. एमा फेअर ही स्त्री होती, चौघे एकाच वेळी मेले, आरोपही वेल्सवरच्यासारखाच होता. रोमांचकारी कथेला लागणारी सामग्री वेल्सच्या मृत्यूपेक्षा येथे अधिक होती. तरीही बाण रोखला गेला तो एका चेहऱ्याकडे. भूतकथेला एकच मृत पुरतो, किंबहुना एकच झेपतो. एका चेहऱ्याची दया करता येते, भीती बाळगता येते, त्याला गावाचा मानबिंदूही करता येतो. पाच-सहा चेहरे झाले की ती मालिका होते, आणि मालिकेला कारण विचारावे लागते.

मिसिसिपीतील कॅरल्टनचे मौन वेगळ्या रीतीने फुटले. एलिझाबेथ स्पेन्सर या लेखिकेचा जन्म १९२१ साली तेथलाच. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हॉइस अ‍ॅट द बॅक डोअर’ या त्यांच्या कादंबरीत लेसी नावाचे कल्पित गाव आहे आणि त्या गावाच्या न्यायालयात पूर्वी झालेले कृष्णवर्णीयांचे हत्याकांड हा तिचा गाभा आहे. त्यात मारल्या गेलेल्याचा मुलगा आणि गोऱ्या घराण्यांची पुढची पिढी त्याच गावात एकमेकांच्या डोळ्यांसमोर जगत असतात. भूत नाही, वीज नाही, वाड्यातील बंद खोलीही नाही; त्यामुळे या कादंबरीला ‘गॉथिक’ म्हणावे की नाही याविषयी समीक्षकांत मतभेद होऊ शकेल. परंतु गॉथिक कथा ज्याच्याभोवती घुटमळते ते गुपित तिने कर्त्यासह सांगितले. कादंबरी निघण्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, शेजारच्या लेफ्लोर जिल्ह्यातील मनी या गावातून एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला पळवून नेऊन ठार करण्यात आले होते आणि गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले होते. १९५७ च्या पुलित्झर पारितोषिकासाठी परीक्षकांनी स्पेन्सर यांच्या कादंबरीची शिफारस केली. निवड मंडळाने ती मानली नाही, आणि त्या वर्षी कादंबरीसाठीचे पारितोषिक कोणालाच दिले नाही.

२०१८ साली अलाबामातील माँटगोमेरी येथे जमावाच्या बळींचे राष्ट्रीय स्मारक खुले झाले. जेथे अशा हत्यांची नोंद सापडली त्या प्रत्येक जिल्ह्यासाठी तेथे एक पोलादी स्तंभ छताला टांगलेला असून त्यावर नावे कोरलेली आहेत. ज्यांची नावे मिळाली नाहीत त्यांच्यासाठी ‘अज्ञात’ असा शब्द आहे. पंचांच्या निवाड्यांत हा शब्द मारणाऱ्यांसाठी येत असे.